कवडशाची वेळ

"पुन्हा," मथुराबाई म्हणाल्या.

सलोनी मागे सरकून उभी राहिली आणि तिने कराटेचा पहिला काता पुन्हा सुरू केला. समोर कुणी नसताना ठरलेल्या क्रमाने करायची ती लढाई. डावीकडे वळून आधी वार अडवायचा, मगच पाऊल टाकून ठोसा. बाईंच्या मांगरात, घरामागच्या त्या कौलारू खोपटात, शिकलेल्या प्रत्येकाचा पहिला हात अडवण्याचाच असे. सारवलेल्या जमिनीवर सलोनीच्या अनवाणी पावलांचा आवाज होत नव्हता.

छपराचं एक कौल केव्हाच फुटलं होतं. तिथून पडलेला उन्हाचा कवडसा सकाळभर जमिनीवरून सरकत यायचा आणि मधल्या खांबाला टेकला की बाई वर्ग सोडायच्या. मांगरात घड्याळ कधी लागलंच नाही. एके काळी दाराबाहेरची चपलांची रांग पार फणसापर्यंत जायची. आज तिथे दोनच जोड होते, एक सलोनीचा आणि एक बाईंचा.

बाहेर स्कूटर थांबली. सलोनीची आई सारिका जड पिशवी उचलून दारात आली.

"बाई, येव काय?"

"ये. पण कडेन ये. दारातली भुंय ओली आसा. सलोनीन आताच सारवल्यान."

सारिका कडेने आली, तरी तिची दोन पावलं ओल्यात उमटलीच.

"अजून सारवतंत तुमी? कुडाळच्या क्लासात निळी गादी घातली हा. हातांका शेणाचो वास नाय."

"सारवल्याशिवाय हय उभ्या रवाचा नाय. ह्या पयल्याच दिवशी सांगलेला."

"म्हणानच माझा चेडू सहा वर्षां शेणात आसा!" सारिका हसली. "बाई, रागाव नकात. शेजारचा चेडू तेजस्वी, ता सलोनीच्या मागसून शिकाक लागला. कुडाळाक गेला आणि वर्षात काळो पट्टो बांधून इला. हिचो अजून तपकिरीच."

 बाई गुडघा चोळत खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"महाशिवरात्रीक कुणकेश्वराच्या जत्रेत कुडाळच्या क्लासाचो कार्यक्रम आसा. सर म्हणतत, सलोनीन सात कौलां फोडलीं तर थंयच, सगळ्यांसमोर काळो पट्टो बांधतलंव."

"आणि सलोनी काय म्हणता?"

सलोनी जमिनीकडे बघत होती. "दहावीक खेळाचे वाढीव मार्क मिळतत, बाई." मग तिनेच पुढे म्हटलं, "वर्गातली पोरां हसतत. म्हणतत, बाई तुका म्हातारी करूनच पट्टो देतली."

बाईंनाही हसू आलं. "म्हातारी तर मी झालंय गो."

सारिकाने पिशवीतून कौलं काढली. जुनी, काळवंडलेली, कडेला शेवाळ सुकलेली. "आमच्या घरार स्लॅब घातलो, तेवापासून हीं मागल्यादारी पडान होतीं. आज तुमीच बघा. फुटलीं तर तुमच्या तोंडान जा म्हणा तिका."

तिने दाराजवळचे दोन चिरे ओढले आणि त्यांच्यावर सातही कौलं रचली. सलोनी समोर येऊन उभी राहिली. पाय बरोबर पडले होते, खांदे सैल होते. बाईंनी शिकवलं होतं तसाच तिने श्वास घेतला आणि मूठ वर उचलली.

"कौलान तुझा काय वायट केल्यान गो?"

अंगणात भांडणाऱ्या पोरांना विचारावं, तसं बाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

सलोनीची मूठ वरच राहिली.

"तुझ्या आजयेच्या डोक्यार जन्मभर पाऊस आडवल्यान तेणां."

"अहो बाई, कौल ता कौल," सारिका म्हणाली. "तेका काय जीव आसा?"

"नाय," बाई म्हणाल्या. त्या फार थकल्यासारख्या दिसल्या. "मी तिका जा म्हणूचंय नाय. रव पण म्हणूचंय नाय."

सलोनीने मूठ हळूहळू खाली आणली. वरचं कौल उचलून ती बाहेर गेली. मांगराच्या मागे आंबे काढायची शिडी पडून असे. ती छपराला टेकवल्याचा आवाज झाला.

"अगो, पडशीत!" सारिका बाहेर धावली.

वर कौल सरकल्याची खरखर झाली. फुटका तुकडा घरंगळत खाली पडला. खांबापासून हातभर दूर असलेला कवडसा एकदम विझला आणि मांगरात संध्याकाळसारखा उजेड उरला.

सलोनी हात झटकत दारात आली. "येत्या पावसात हय गळूचा नाय, बाई."

"बरा केलंस."

सारिका उरलेली कौलं पिशवीत भरत होती. "सातातला एक कमी झाला मगे."

"सहांनी भागतला," सलोनी म्हणाली.

तिने कपड्यांची घडी काखेत मारली, दाराबाहेर जाऊन मागे वळली आणि रोजच्यासारखी कमरेत वाकली. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग चपला घालून ती आईच्या मागे बसली. पिशवीतली कौलं वळणापर्यंत वाजत होती.

बाईंनी बादलीतल्या शेणात हात घातला, गुडघा सांभाळत खाली बसल्या आणि सारिकाची दोन पावलं सारवून टाकली. हात धुतले. मग मधोमध येऊन ताठ उभ्या राहिल्या. डावीकडे वळून त्यांनी आधी वार अडवला, मग पाऊल टाकलं. शेवटपर्यंत पोचल्यावर सवयीने खांबाकडे पाहिलं.

खांबाजवळ काहीच नव्हतं.

त्या मागे सरकल्या आणि काता पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.