मला आउट दे

माझी बॅट नुसतीच फिरली आणि स्टंप म्हणून ठेवलेली लाल प्लास्टिकची खुर्ची धाडकन आडवी झाली. मी बॅट टेकवून निघाले.

"ए, कुठे चाललीस?" अंपायर म्हणून उभा असलेला आमचा कॅप्टन निनाददादा म्हणाला. "तू कच्चं लिंबू ना? तुला आउट नसतं. खेळ."

खरं तर कच्चं लिंबू म्हणजे टीममधलं शेंबडं पोर. त्याची विकेट धरत नाहीत, रनही धरत नाहीत. मी पहिलीत असताना ते झाले आणि आता नववीत आले तरी तेच आहे.

आज सकाळीच इंग्रजीच्या बाईंनी विचारलं होतं, "आउट हा शब्द तुम्ही रोज कुठे वापरता?" कुणाचे बाबा आउट ऑफ स्टेशन, कुणाचा पेपर आउट ऑफ सिलॅबस. मी एकटी गप्प बसले.

"दादा, खुर्ची पडलीय. मी आउट आहे."

"अगं, फुकटची बॅटिंग मिळतेय, घे की."

"नको. मला आउट दे आणि माझे सात रन मोज."

"सात कुठले? सहा. एक शॉर्ट होता."

"शॉर्ट? डोळे तपासून घे."

माझ्या रनांवरून कुणीतरी पहिल्यांदाच भांडत होतं. मी मनसोक्त भांडले. शेवटी वैतागून त्याने बोट वर केलं. "सात तर सात. आउट. निघ आता."

शतक ठोकल्यासारखी बॅट उंचावत मी परतले. उद्या वर्गात पहिला हात माझा.