रविवारची अडचण

"परत लाल अक्षरं?" लेकीनं, पालुपीनं फोनवर विचारलं.

"परत," सरजोनो म्हणाले. "काय खोट आहे, देव जाणे."

खोट त्यांचीच होती. पहिल्याच रविवारी तिनं दूर बातामहून शिकवलं होतं, की कॉम्प्युटर सुरू होताना आतली एक सोय चालू करायची, तरच हे कंटेनरचं सॉफ्टवेअर बसतं. म्हातारा दर रविवारी दुपारी ती सोय गुपचूप बंद करून ठेवायचा. मग संध्याकाळभर लेकीचा आवाज कानाशी. बायको गेल्यापासून सोलो शहरातल्या त्या घरात दुसरा आवाज म्हणजे पिंजऱ्यातल्या कवड्याचा. करमत नाही, नुसतीच बोल, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही जावा बेटावरची जुनी सवय, त्यात हे तर बाप.

"कंटेनर म्हणजे आईचा पुडाचा डबा समजा," पालुपीनं सांगितलं होतं. "भात, कालवण, मीठमिरची सगळं आत. कुणाच्याही घरी उघडा, चव तीच. तुमच्या गामेलान वाद्यमंडळाच्या सुरावटी जपायला मी प्रोग्राम लिहिलाय, तो भरून पाठवलाय. तुम्ही फक्त झाकण काढा."

पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी फोन आला नाही. अंधारलं, ताटातलं तेंपे गार झालं. कंटाळली पोरगी, सरजोनो मनाशी म्हणाले. कंटाळणारच, किती दिवस त्याच त्या गोष्टीला डोकं लावेल? त्यांना फार एकटं वाटलं. मग वाटलं, निदान तिनं एवढं खपून काय केलंय ते तरी बघावं. त्यांनी सोय चालू केली. सॉफ्टवेअर मुकाट्यानं बसलं. त्यांनी लेकीचा डबा उघडला.

पांढरी खिडकी आली. तीत एकच ओळ होती: 'नमस्कार, सगळं नीट चाललंय.' सॉफ्टवेअरच्या सूचनांच्या पहिल्याच पानावर नमुना म्हणून छापलेली ओळ. खाली काही नाही. सुरावटी नाहीत, मंडळाचं नाव नाही. त्यांनी कानाकोपरा धुंडाळला. पालुपीनं प्रोग्राम लिहिलाच नव्हता.

आधी त्यांना राग आला. मग लेकीची बातामची भाड्याची खोली आठवली, एका खाटेची आणि एका खुर्चीची; तिथंही दुसरा आवाज नव्हता. खाण तशी माती.

तेवढ्यात फोन वाजला.

"बापाक, कामावरून सुटायलाच उशीर झाला. बसलं का हो आज सॉफ्टवेअर?"

विचारून तिनं श्वास रोखून धरला होता. इतक्या रविवारांत ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

सरजोनोंनी ती खिडकी हलकेच मिटली.

"नाही गं, न्डुक, पोरी. तुझा डबा काही उघडत नाही बघ."