सात नंबरचा चहा

"हा चहा नाही, खळ आहे. चादरींना लाव," सासूबाई म्हणाल्या आणि डाव्या हाताने त्यांनी कप सरकवून दिला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून उजवा हात नीट उठत नव्हता. जीभ मात्र आठवड्याभरात पूर्ववत झाली होती.

सुनेने वहीत लिहिलं: सूत्र तीन, नापसंत.

सून प्रयोगशाळेत जेल आणि इमल्शनवर काम करायची. मलमं, सॉस, आजाऱ्यांची पेयं. तेलाला पाण्याबरोबर नांदवायचं, पातळाला दाट करायचं, यात तिची अठरा वर्षं गेली होती. कुणी विचारलं तर सासूबाई सांगायच्या, "पगार घेऊन ढवळत बसते."

आता त्या ढवळण्यावरच सगळं अडलं होतं. पातळ काही प्यायलं की सासूबाईंच्या श्वासनलिकेत जायचं. एकदा न्यूमोनियाही होऊन गेला होता. गिळण्याचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. दाट केलेलं पेय पुरेसं आणि ठसक्याशिवाय गेलं तर ठीक, नाहीतर दोन महिन्यांनी पोटात नळी बसवायची.

"नळीतून चहाची चव कळते का गं?" सासूबाईंनी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी विचारलं. रात्रभर त्यांनी तो प्रश्न धरून ठेवला असणार.

"नाही, आई."

"मग आण तुझं पुढचं सूत्र."

चौथं शेवाळाच्या अर्काचं होतं, ते बुळबुळीत निघालं. पाचवं सासूबाईंनी हुंगूनच नाकारलं. सहावं मक्याच्या स्टार्चचं. चव जमली, ठसके मात्र लागत राहिले. सातवं म्हणजे तेच, जरा जास्त दाट.

तेवढ्यात सुनेची रजा संपली. ती सकाळी सात नंबरच्या पुड्या मोजून ठेवायची आणि कामावर जायची. चहा करणं आणि पाजणं सासऱ्यांकडे आलं. चाळीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. चमचा कपातून निघाला की थेंब न सांडता मुक्कामी पोचायचा.

"जरा खाली घ्या. माल उतरवताय की चहा पाजताय?"

"तू तोंड उघड. बोलण्यासाठी नाही, पिण्यासाठी."

आधी ते स्वतः एक चमचा चाखायचे. साखर बरोबर आहे ना, बघायला. मग ढवळायचे आणि मग दोघांच्या गप्पा, भांडणं, रुसवे होत होत अर्ध्या तासाने कप रिकामा व्हायचा.

वहीतले आकडे उतरू लागले. पहिल्या आठवड्यात अकरा ठसके. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात एक. मग सलग तीस दिवस शून्य. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी वही दोनदा वाचली. "सात नंबर पुढच्या महिन्यात वॉर्डात देऊन बघू," त्या म्हणाल्या. सून त्या दिवशी घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होती.

तपासणीच्या दिवशी तिने मुद्दाम सुट्टी घेतली.

"रोज पिता तसंच प्या, काकू. मी इथे नाहीच असं समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप सासूबाईंच्या गळ्याला लावला.

"घ्या. गळ्यावर हात ठेवून म्हणे मी नाहीच."

सुनेने चहा करून कप सासऱ्यांना दिला आणि ती वही शोधायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा अर्धा कप संपला होता. ठसका नाही. आवाजात घरघर नाही. श्वास स्वच्छ.

"नळी नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासरे खिडकीकडे वळले आणि बराच वेळ काच पुसत राहिले.

"पण दाटच द्यायचं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पातळ पूर्ण बंद. पाण्याचा घोटसुद्धा नको. आणि उरलेल्याचा दाटपणा मोजून दाखवा, मला नोंद करायची आहे."

सुनेने उरलेला चहा सुई नसलेल्या सिरिंजचं टोक बोटाने दाबून तिच्यात दहाच्या खुणेपर्यंत भरला आणि बोट काढलं. दहा सेकंदांनी आठच्या आसपास उरायला हवा होता. सातव्या सेकंदाला सिरिंज रिकामी झाली.

"हे तर पाणी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुनेने नवा कप केला, तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर. मोजला. आठ. बरोबर दाट.

"झाली का तुमची मोजामोजी? गार होतोय," म्हणत सासऱ्यांनी कप उचलला. एक चमचा तोंडात घातला, मान डोलावली, तोच चमचा परत कपात घातला आणि ढवळू लागले.

"बाबा, तुम्ही रोज असं करता?"

"कसं? साखर नको बघायला? लग्न झाल्यापासून बघतोय."

तोंडात गेलेला चमचा पुन्हा भांड्यात घालायचा नाही, हे सून प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायची. लाळ लागली की स्टार्चचा दाटपणा उतरतो. तिने ते कसंबसं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"उतरायला किती वेळ?"

"फार तर पाच मिनिटं."

"आणि कप संपायला?"

"अर्धा तास," सासूबाईंनी उत्तर दिलं. "हे गप्प बसले तर लवकर."

डॉक्टरीणबाईंनी सुनेच्या हातातली वही घेतली. तीस दिवसांच्या शून्यांवरून त्यांचं बोट सावकाश खाली आलं. "म्हणजे हे सगळे शून्य पातळ चहाचे," त्या म्हणाल्या. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास भरून आणला आणि तो सासूबाईंच्या हातात दिला.