एकाच लॉटमधल्या दोघी
दुपारच्या शांत घरात टेबलावरचं यंत्र टीं टीं वाजू लागलं. छोट्या दवाखान्यांना परवडावं म्हणून मी त्यात माहिती साठवणाऱ्या दोन स्वस्त एसएसडी बसवल्या होत्या. पेशंटची माहिती दोन्हींत एकदमच लिहिली जायची, म्हणजे एक गेली तरी दुसरी सांभाळेल. आज चाचणीत पहिली बंद पडली. ऑफिसमधला परेश फोनवर हसला, "घाबरता काय मॅडम? दुसरी आहे की!" "अरे, दोघी कारखान्यातल्या एकाच लॉटमधल्या. सुरुवातीपासून सारखंच सोसलंय दोघींनी. एक गेली, की दुसरीचाही भरवसा नाही." फोन ठेवून वळले, तर दारात माझी लेक रेवा. तिची जुळी बहीण पनवेलच्या हॉस्पिटलात होती. सहाव्या वर्षी तिच्या किडन्या थकल्या होत्या. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, अशा माझ्या पोरी. रेवानं फ्रॉकवरून कमरेला हात लावला. "आई, आम्ही दोघी आतूनपण सारख्याच आहोत का गं?"