ओटीपीची शपथ

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, पुष्पांजली खामगावच्या सायबर कॅफेत, आणि ओटीपी गावी वडिलांच्या मोबाईलवर जाऊन बसलेला. “बाबा, आकडे सांगा, दहाच मिनिटं आहेत!” गजेंद्ररावांनी मागल्याच महिन्यात बँकेच्या मेळाव्यात चहाबिस्किटासोबत शपथही घेतली होती. “ओटीपी सख्ख्या भावालेही सांगत नसतात, मॅडम.” “मॅडम काऊन? मी तुमची पोरगी हावो!” “कशावरून? आजकाल आवाजबी नकली निघते. घरच्यालेच माहीत असंन असं काही सांगा.” घड्याळ पळत होतं, मागची रांग कुरकुरत होती. पुष्पांजली डोळे मिटून ओरडली, “डॉक्टरनं गोड बंद केलं, तरी दर बाजाराले तुम्ही पाव किलो जिलेबी चोरून खाता!” अख्खा कॅफे हसला. पलीकडे गजेंद्ररावांचा फोन स्पीकरवर होता. तेवढ्यात आईने त्यांच्या हातातून मोबाईल ओढला. “पोरगी आपलीच हाय. तुमच्याकडं मंग पाहतो! लिही बाई, चार, सात…”