ओकाचं कुंकू

२०८१ सालची ही गोष्ट. पाऊस हिवाळ्यात सरकला, हळद पिकेनाशी झाली आणि हळदीचं कुंकूही संपलं. माणदेशी बायका भूमध्य सागराकाठच्या काटेरी ओकाची झुडपं लावत, त्यांवरचे लाल किडे त्यासाठी मुद्दाम वाढवलेल्या नखाने खरवडत आणि कुंकू करत.

लग्नमांडवात वरमाई भामाबाई कडाडली, "किड्याचं कुंकू? वरात माघारी नेते!"

"न्या की," नवरी हौसा म्हणाली. "पण आधी कपाळ पुसा, आत्या. तुमच्या कुंकवाची पुडी तुम्हाला दहिवडीच्या बाजारात मीच विकली. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

भामाबाईचे यजमान शेजारीच उभे होते. तिचा हात कपाळापर्यंत गेला आणि खाली आला. अक्षता पडल्या.

वीस वर्षांनी भामाबाई सवाष्ण गेली. हौसाने तिचा मळवट त्याच कुंकवाने भरला. हौसाचं नख शेवटपर्यंत लांब राहिलं.