सहीच्या वरची ओळ

"काय सापडलं, कशात सापडलं, अशा वस्तू सहसा कशाला वापरतात, तेवढं सांगा," न्यायाधीश म्हणाले. "या माणसाच्या मनात काय होतं ते सांगू नका. तिथे तुमचं तज्ज्ञपण संपतं."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले पोलीस अधिकारी कसनुसं हसले. अमली पदार्थांच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देता देता त्यांचे केस पिकले होते. असं कुणी अडवलं नव्हतं. "जी साहेब," म्हणाले आणि सांगू लागले. पावडरीच्या बारा पुड्या. एक छोटा वजनकाटा. डब्यात रिकाम्या पिशव्या.

टायपिस्ट बाईंची बोटं त्यांच्या बरोबरीने चालली होती. या अधिकाऱ्यांची साक्ष म्हणजे बाईंना विसावाच वाटायचा. सावकाश बोलायचे, आकडा दोनदा सांगायचे आणि क्रम कधी चुकवायचे नाहीत. पुड्या, काटा, पिशव्या.

आरोपी वेल्डर होता. विकणारा ठरला तर दहा वर्षं तुरुंग. स्वतःपुरतं बाळगणारा ठरला तर वर्षभर उपचार केंद्र. त्याची बहीण मागच्या बाकावर बसून त्याच्या वकिलाच्या पाठीकडे बघत होती, जणू निकाल त्या काळ्या कोटावरच उमटणार होता.

पिशव्यांपाशी येऊन अधिकारी घुटमळले. एकदा घसा खाकरला. मग म्हणाले, "एवढंच, साहेब."

साक्ष छापून झाली. अधिकाऱ्यांनी न वाचता पानापानावर सह्या ठोकल्या. "बाईंचं टायपिंग म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यात वाचायचं काय?"

बाई पानं जुळवायला लागल्या आणि शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. 'पुड्या, काटा व पिशव्या पाहता, माझ्या अनुभवाप्रमाणे हा माल विक्रीसाठीच होता.' खाली सही. शाई अजून ओली.

पिशव्यांपाशी अधिकारी थांबले होते. बाईंची बोटं सवयीने चालतच राहिली होती.

गप्प बसलं तर? बोलू दिलं असतं तर ते नेहमीप्रमाणे हेच म्हणाले असते. कोणाला कळणार होतं? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, सेवापुस्तकात एक शेरा नव्हता. आणि भर कोर्टात बोलायचं म्हणजे काय! अठ्ठावीस वर्षांत या खोलीत बाईंनी कधी शिंकही मोठ्याने दिली नव्हती.

तिकडे बहीण पुढे येऊन भावाची दुमडलेली कॉलर सरळ करू बघत होती आणि शिपाई तिला मागे सारत होता.

बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, ही शेवटची ओळ साक्षीदारांची नाही."

"मग कुणाची?"

"माझी."

सरकारी वकिलांना हसू आवरलं नाही. "बाई, तुम्ही कधीपासून तज्ज्ञ झालात?"

दोन-चार जण हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पान मागून घेतलं आणि ओळीखाली बोट धरून, शाळेतल्या मुलासारखं, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"खरंय, साहेब," ते म्हणाले. "मी हे म्हटलेलं नाही."

न्यायाधीशांनी ओळ खोडली, शेजारी सही केली. "बाई, उद्या लेखी खुलासा द्या," म्हणाले आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

अधिकारी मात्र टेबलापाशीच उभे राहिले. चष्मा काढून हातात धरला होता. खाली वाकून, फक्त बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, आधीच्या खटल्यांत तरी... मीच म्हणालो होतो ना?"

बाई आठवू लागल्या.